नाथाजीच्या पुस्तकाचा काप

आकाराम सांगलीत धैर्यशीलरावांच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात सहा वर्षं कामाला होता. त्या माणसाचं तोंड बघितलं की त्याच्या अंगाची आग व्हायची. तरी रोज सकाळी "या साहेब" म्हणून तोच खुर्ची पुसायचा.

त्याचं कारण एक पुस्तक. आकारामचा आजा नाथाजी, जतकडचा मेंढपाळ. त्याच्याकडं जनावरांच्या रोगांवरचं शिळाछापाचं पुस्तक होतं, म्हणजे दगडावर लिहून छापलेलं. नाथाजीला वाचता येत नव्हतं, कुणीतरी वाचून दाखवायचं. इलाज लागू पडला की तो त्या पानाच्या कोपऱ्याला दोन काप द्यायचा, मधी बोटभर अंतर ठेवून. आपली मेंढरं वळखू यावीत म्हणून त्यांच्या डाव्या कानाला द्यायचा, तसेच.

धैर्यशीलराव गावात आले तवा आकाराम कळपामागं लांब गेला होता. "बघून परत देतो," म्हणून त्यांनी पुस्तक नेलं आणि वर्षानं निरोप धाडला, वाळवी लागली, टाकून दिलं. नाथाजी मरायच्या आदल्या दिवशीबी सुनेला विचारत होता, "हरणे, पुस्तक आलं का गं?"

आकाराम सासऱ्याच्या मरणाला रडणाऱ्या आईला एवढंच म्हणाला, "आणतो." आणि खोटंच गाव कुंडल सांगून त्याच दुकानात नोकरी धरली.

शिकला मात्र मनापासून. कागद उजेडाला कसा धरायचा, शाई कशी बघायची. धैर्यशीलरावच शिकवायचे, "कसर लागली की भोक पानापानांतून आरपार जातं रं. आणि कडा कधी कापायच्या न्हाईत. कडा कापलेलं पुस्तक म्हणजे नाक कापलेला माणूस." आकाराम मान हलवायचा. एक कपाट तेवढं कायम कुलपात असायचं.

ह्या हिवाळ्यात साताऱ्यात जुन्या पुस्तकांचं प्रदर्शन लागलं आणि ते कपाट उघडलं. मधल्या काचेत नाथाजीचं पुस्तक. खाली धैर्यशीलरावांच्या मोत्यासारख्या अक्षरात पाटी: 'एका सरदार घराण्याच्या संग्रहातून. काही पानांचे कोपरे कसरीने खाल्लेले.'

आकारामनं आईला फोन लावला. कळप तवा साताऱ्याजवळच, कोरेगावच्या बाजूला एका शेतात खतासाठी बसायला होता. दुसऱ्या दिवशी हॉल माणसांनी भरला असताना हरणाबाई टमटममधनं उतरली, दोरीला एक मेंढी.

"आवं मावशी, मेंढी कुठं आत आणताय?" दारावरचा म्हणाला.

"तिलाबी पुस्तक बघायचंय," हरणाबाई म्हणाली आणि आत गेली.

धैर्यशीलराव धावत आले. "आकाराम, बाहेर काढ हिला."

"काढतो साहेब. आधी एक शंका हाय." आकारामनं काच उघडली, पुस्तक काढलं. "तुमीच शिकवलंय, कसर आरपार जाती. मग ह्या पानाला काप हाय, पुढच्या पानाला का न्हाई?" मग मेंढीचा डावा कान वर धरला. दोन काप, मधी बोटभर अंतर. पानावर तसंच.

एक म्हातारे संग्राहक चष्मा लावून कान बघायला वाकले. मेंढीनं त्यांच्या धोतराचा वास घेतला. कुणीतरी हसलं. धैर्यशीलराव सोडून सगळ्यांनी कान बघितला.

"हे माझ्या सासऱ्याचं, आकारामच्या आज्याचं," हरणाबाई म्हणाली. "ह्या तुमच्या सायबानं नेलं, आणि वाळवी लागली म्हणून सांगितलं. तवा क्यास काळं होतं. आता क्यास पिकलं, खोटं न्हाई पिकलं."

धैर्यशीलराव आकारामच्या कानाशी आले. "घेऊन जा रं गड्या. इथं तमाशा नको."

"नेणारच हाय. पण प्रदर्शन अजून दोन दिवस हाय. तवर हितंच ऱ्हाऊ दे." आकारामनं कोरी पाटी आणि पेन त्यांच्या म्होरं ठेवला. "तेवढी पाटी बदला. तुमचं अक्षर लय ग्वाड हाय."

मग तो सांगत गेला आणि धैर्यशीलराव सगळ्यांसमोर लिहीत गेले: 'मेंढपाळ नाथाजी यांचे पुस्तक. परत देतो म्हणून मी नेले, दिले नाही.'

"खाली सही," आकाराम म्हणाला.

दोन दिवस तो त्या काचेपाशी उभा राहिला, येणाऱ्या प्रत्येकाला पाटी मोठ्यानं वाचून दाखवत. जेवायलासुद्धा गेला नाही.