मासीची नवी सही

मासी सही उजवीकडून डावीकडे करायच्या. कागदाच्या उजव्या कडेला पेन टेकवायच्या आणि हात असा झरझर सरकायचा की माझी बायको म्हणायची, "मासी, पेन चालवून राहिल्या की सुई?" पाकिस्तानातल्या सिंधमध्ये, तिकडच्या लिपीत, त्या चौथीपर्यंत शिकल्या होत्या. त्यानंतर पंचेचाळीस वर्षं हातात सुईच.

प्रताप नगरातल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत त्या भाड्यानं राहायच्या. नवरा तिकडेच वारला. दिराच्या कुटुंबासोबत त्या नागपूरला आल्या. वर्षभरात दीर धंद्यासाठी इंदूरला गेला. मासी गेल्या नाहीत. "तिथं रोटी आहे भाऊ, इज्जतबी आहे," त्या म्हणायच्या. "पण दार त्यांचं आहे."

मराठी त्यांनी आमच्या गल्लीतल्या भाजीवालीकडून उचलली. माझी पुण्याची मेव्हणी आली तेव्हा पहिल्याच भेटीत तिला म्हणाल्या, "काहून वं, इतकी वाळली? जेवत नाही का?"  नंतर चार दिवस मेव्हणी मासींच्याच खोलीत बसून होती.

त्या रल्ल्या शिवायच्या. रल्ली म्हणजे आपल्या गोधडीची सिंधी बहीण. रंगीत तुकडे जोडून केलेली. मला मोजायची खोड आहे. एका रल्लीतले तुकडे मी मोजले, तीनशे बारा भरले. खात्रीसाठी पुन्हा मोजले, तीनशे अकरा. मासी वर न बघता म्हणाल्या, "पहिल्यांदा बरोबर होतं. आता एकावर तुम्ही बसले."

सीताबर्डीच्या एका दुकानदारानं या रल्ल्या पाहिल्या आणि दर महिन्याला दोन घ्यायची तयारी दाखवली. अट एकच: पैसे रोख मिळणार नाहीत, मासींच्या नावाच्या बँक खात्यात जमा होतील; दसऱ्यापर्यंत खाते क्रमांक आणून द्यावा. मासींचं खातं नव्हतं. इथंही नाही आणि तिकडेही कधी नव्हतं. खातं निघालं तर काम, काम मिळालं तर खोली, खोली टिकली तर इंदूरला जायला नको. सरळ गोष्ट होती.

कागदपत्रांचं काम मी अंगावर घेतलं. पासपोर्ट, व्हिसा, पोलिसांकडची नोंद, भाडेकरार; प्रत्येकाच्या तीन प्रती, क्रमवार लावलेल्या. अशी फाइल त्या बँकेनं पाहिली नसेल, असं मला वाटत होतं. त्याच भरात मी म्हणालो, "मासी, इथल्या बँकेत इथल्या अक्षरात सही करा."

त्यांना ते फार आवडलं. एकवीस दिवस त्या रोज सकाळी आमच्या ओट्यावर दुरेघी वही घेऊन बसल्या. 'ल' उलटा यायचा. हात सवयीनं उजव्या कडेला जायचा, मग स्वतःलाच म्हणायच्या, "इकडून वं, इकडून!" बाविसाव्या दिवशी सही देखणी आली. वही मला दाखवत त्या म्हणाल्या, "आता मी इथली झाली."

बँकेतल्या मॅडमनी अर्ज आणि पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवले. "या दोन सह्या एकाच माणसाच्या कशा?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. पासपोर्टवर जुनी सही होती. त्या पानाच्या तीन प्रती मीच काढल्या होत्या. मासींनी घाईघाईनं जुनी सही करून दाखवली, पण हात आता सवयीनं डाव्या कडेला जात होता, तीही जुळेना.

"ही नवी सही तुम्हाला कोणी शिकवली?" मॅडमनी विचारलं.

आज वाटतं, प्रश्न साधाच होता. तेव्हा मला त्यात संशय ऐकू आला. पासपोर्ट तिकडचा, चौकशी लागली तर आपलं नाव कुठे कुठे जाईल, असं मनात आलं आणि मी फाइलची नाडी बांधत राहिलो. मासींनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "कोणी नाही. मी माझ्या मनानं शिकली."

"मग मला वरच्या ऑफिसला विचारावं लागेल," मॅडम म्हणाल्या.

घरी बायको भडकली. "अहो, तुम्ही बोलले काहून नाही? 'मी शिकवली, चूक माझी', एवढंच तर म्हणायचं होतं!" मी नियमांचं काहीतरी सांगू लागलो. मासीच मध्ये पडल्या. "त्यांच्यावर रागावू नको वं. मी काय, आज इथं, उद्या तिथं. त्यांले तर इथंच राहायचं आहे."

पुढचे सात सोमवार मी बँकेत गेलो. दर वेळी ते एक वाक्य सांगायचं ठरवून जायचो आणि "अजून वरून आलं नाही" एवढं ऐकून परत यायचो. दसरा गेला. दुकानदारानं आणखी दहा दिवस वाट पाहिली आणि काम दुसरीकडे दिलं. दीर न्यायला आला. निघताना मासींनी खोली धुऊन, पुसून दिली आणि मला म्हणाल्या, "भाऊ, माझ्यापायी तुमचे किती सोमवार गेले." मी त्यांचं गाठोडं उचलून रिक्षात ठेवलं.

लोकांना मी सांगतो, बँकेनं अडवलं. ते खोटं नाही. पूर्ण खरंही नाही.

यंदा दिवाळीला मासींशी फोनवर बोलणं झालं. खातं काढलं का, मी विचारलं. "आता काहून पाहिजे? मागितलं की देतात हे लोक." रल्ल्या? "डोळे दुखतात भाऊ." मग मी मनाचा हिय्या करून म्हणालो, "मासी, त्या दिवशी बँकेत मॅडमनी विचारलं ना, तेव्हा मी..."

"थांबा भाऊ," त्या हळूच म्हणाल्या. "फोन दिराचा आहे. ते मागून राहिले."

"द्या," मी म्हणालो.