जर्सी सिटीपर्यंतचा अॅक्सल

मोरेश्वर काका गजभिये आयुष्यात एकच गोष्ट झटपट करतात, ती म्हणजे राग. बाकी सगळं सावकाश. मूळचे नागपूरचे, आता सत्तरीला टेकलेले, अमेरिकेतल्या ईडन प्रेरीत माझ्या शेजारच्या घरात राहतात. निवृत्त झाल्यापासून गॅरेजमध्ये १९३१ची फोर्ड उभी करताहेत. हॉट रॉड म्हणतात तिला. जुनी गाडी, दमदार इंजिन, आणि काकांच्या हट्टापायी जवळजवळ प्रत्येक भाग त्याच जमान्यातला. नवा स्क्रू दिसला तरी त्यांच्या कपाळाला आठी पडते.

परवा त्यांनी मला हाक मारली. "राधिका, जरा मोजायला ये."

जमिनीवर गाडीच्या मागच्या चाकांचे दोन अॅक्सल होते, नव्वद वर्षांपूर्वीचे. जुन्या गाड्यांच्या क्लबातल्या मित्राने पारखायला दिलेले. एक ठेवायचा, एक परत करायचा. काका चाक फिरवत होते, मी इंजिनाकडच्या दांड्यावरची, म्हणजे शाफ्टवरची, खडूची खूण किती वेळा फिरते ते मोजत होते. पहिल्यात चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे चारवर थोडे फेरे. दुसऱ्यात साडेतीन.

"पहिला घ्या ना काका, किती चकचकीत आहे."

"तो गावातल्या गावात बेस्ट. सिग्नल सुटला की झेप घेते गाडी. पण हायवेवर इंजिन बोंबलतं. हा दुसरा लांबच्या रस्त्याचा."

दुसरा गंजून लाल झालेला, बेअरिंगं गेलेली. तो उघडून नीट करायला वर्ष जाईल, असं काका स्वतःच म्हणाले.

"वर्ष? आणि एवढं लांब जायचंय कुठे?"

"जर्सी सिटी," काका म्हणाले. "बाराशे मैल."

जर्सी सिटीत इशिता असते, त्यांची एकुलती एक मुलगी. दोन वर्षांपूर्वी तिने कोर्टात लग्न केलं आणि नंतर फोन करून सांगितलं. काका तिरमिरीत म्हणाले, "बोलावलं असतंस तरी आलो नसतो." झालं. तेव्हापासून दोघांचं बोलणं नाही. रत्ना काकू दर दोन-तीन महिन्यांनी विमानाने लेकीकडे जातात. काका त्यांना एअरपोर्टला सोडतात आणि परत येतात.

"काकूंबरोबर विमानाने का नाही जात?" मी विचारलं.

"बॅग घेऊन दारात उभा राहून बोलू काय? ही गाडी नेली तर ती बघायला तरी खाली येईल." मग शाफ्टकडे बघत म्हणाले, "फार आठवण येते गं तिची."

मला वाईट वाटलं आणि त्याहून जास्त रागच आला. लेकीला भेटायला माणूस बेअरिंगं बदलत बसतो? मी त्यांचा फोन उचलला आणि सरळ इशिताला व्हिडिओ कॉल लावला. तिने लगेच घेतला.

"बाबा? आई ओके आहे ना?"

"ओके आहे," काका गडबडले. "मी... अॅक्सल निवडतोय."

इशिता म्हणाली, "दाखवा."

काकांनी दोन्ही दाखवले. कोणता घेणार, असं तिने विचारलं.

"लांबच्या रस्त्याचा. वर्ष लागेल, पण मग येतो." काकांचा आवाज बारीक झाला. "खाली येशील ना बघायला?"

इशिता म्हणाली, "बाबा, आई येते तेव्हा मी दर वेळी खाली येते. कॅब थांबते, आई एका बाजूने उतरते. आय ऑल्वेज लुक ॲट द अदर डोअर, बाबा. ते दुसरं दार उघडतंय का बघते."

काकू येत्या शुक्रवारी निघणार होत्या.

"शुक्रवारी उघडेल," काका म्हणाले.

गंजका अॅक्सल परत घेऊन जा, असं त्यांच्या मित्राला मीच कळवलं.