गाडीचं ऐकणारी आत्या

नाशकात गाडी चालवणारे हजारो असतील; गाडीचं ऐकून घेणारी एकच, माझी आत्या. गणिताच्या निवृत्त बाई आणि अंगणात पांढरी डुक्कर फियाट. गोलमटोल बांध्यामुळे लोकांनी त्या मॉडेलला दिलेलं हे नाव कोणी तिच्यासमोर घेतलं, की दिवसभर त्याच्याशी अबोला.

कॉलेजात असताना मी ‘शहराला धूर पाजणारी सगळी खटारी भंगारात काढा’ असं पत्रक छापलं. पहिली प्रत आत्यालाच दिली. घरच्यांना वगळून चळवळ करणं मला भ्याडपणा वाटतो, आजही वाटतो. तिने ‘सगळी’खाली लाल रेघ ओढली, सायलेन्सरच्या तोंडाशी पांढरा रुमाल धरला आणि मला इंजिन चालू करायला लावलं. रुमाल जवळपास पांढराच राहिला. “पत्रक सुधार,” ती म्हणाली, “आणि रविवारी ये.”

वर्षभर तिने स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. दर रविवारी तिच्याकडे शिकायला येणाऱ्या कॉलनीतल्या पोरांच्या रांगेत उभं राहायचं, लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनावर टेकवायचं, त्याची मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे. “काय म्हणतेय?” ‘काही नाही’ म्हणणारा रांगेच्या शेवटी. नियम एकच: ज्याला गाडीचं ऐकू येत नाही, त्याने चावी खाली ठेवावी. इंजिनातल्या झडपा उघडणाऱ्या टॅपेटपैकी एका ढिल्याची टकटक मी ओळखली, त्या दिवशी गणितात कधीच न मिळालेली शाबासकी मिळाली.

पुढे ती गाडीचं भलतंच कौतुक करू लागली. “गुणी झाली गं आता. तक्रारच करत नाही.”

मग एकदा आम्ही नवा तांदूळ आणायला घोटीला निघालो. टॅपेट असे वाजत होते की रस्त्यावरची माणसं वळून बघत होती, आणि आत्या हसतमुखाने चालवत होती. मी भडकले. सभेतल्या आवाजात विचारलं, एवढंही ऐकू येत नाही का?

तिने गाडी कडेला घेतली. इंजिन चालूच ठेवून बॉनेट उघडलं आणि स्क्रू-ड्रायव्हर माझ्या हातात दिला.

“नाही येत. दिवाळीपासून नाही येत. तू सांग, काय म्हणतेय?”

तिसरा टॅपेट, मी ओरडून सांगितलं. तिने मडगार्डवर तळहात टेकवला, मान हलवली आणि डावीकडच्या सीटवर जाऊन बसली. घोटीपर्यंत मी चालवली. इतका ताठ कणा माझा कुठल्या मोर्चातही नव्हता.

आता रविवारी रांगेतल्या पोरांना स्क्रू-ड्रायव्हर मी देते. आत्या खुर्ची टाकून बसते. गाडीकडे बघत नाही, कान लावलेल्या पोराच्या चेहऱ्याकडे बघते. त्याच्या भुवया किंचित वर गेल्या, की माझ्याआधी तीच हळूच म्हणते, “ऐकलं बरं याने.”