टपावरची टकटक

इरा, नील,

हे मी आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं. आज सकाळी एका व्यक्तीला सांगितलं. तुम्ही दुसरे. तुमच्या बाबालाही यातलं काही ठाऊक नाही.

तुमच्या आजीचं कपाट तुम्ही पाहिलं आहे. टॉवेल रंगांप्रमाणे, डबे उंचीप्रमाणे. अशा बाईच्या आत काही कुजत पडलेलं असेल असं कुणाच्या मनात तरी येईल का? माझ्याही मनात येत नसे. मी ते इतकं व्यवस्थित घडी घालून ठेवलं होतं.

इरा, मागे व्हिडिओ कॉलवर तू विचारलंस, “नलिनीआजी आता तुझ्याकडे का येत नाही?” मी म्हणाले, तिचे गुडघे दुखतात. तिचे गुडघे ठणठणीत आहेत. तुला खोटं सांगताना माझा आवाजही हलला नाही — आणि फोन ठेवल्यावर तेच मला लागलं. इतकी सवय झाली होती?

सुरुवात तुझ्यापासूनच करावी लागेल. तू तेव्हा तान्ही होतीस. तुम्ही पहिल्यांदा घरी येत होतात, मी विमानतळावर गाडी घेऊन आले होते. तुझ्या आईने तिकडून गाडीत बांधायची बाळाची सीट आणली होती, ती नीट बांधून तुला तिच्यात बसवलं होतं. तू रडत होतीस. वाशी ओलांडली तरी रडतच होतीस. मी तुझे पट्टे सोडले आणि तुला मांडीवर घेतलं. तुझी आई नको म्हणत होती. मी म्हणाले, “अगं, आजीच्या मांडीइतकी सेफ जागा जगात दुसरी आहे का?” कळंबोलीच्या सर्कलला ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला. तू माझ्या हातांतून सुटलीस आणि पुढच्या सीटच्या पाठीवर आपटलीस. कपाळावर टेंगूळ आलं, बाकी काही नाही. पण मी तुला धरलं होतं गं, दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं — आणि तरी हात रिकामे झाले.

तुझी आई एक शब्दही बोलली नाही. फक्त त्या मुक्कामात तिने तुला माझ्याबरोबर गाडीत बसू दिलं नाही. बाजारात जायचं असलं तरी म्हणे, “आई, तुम्ही रिक्षाने पुढे व्हा ना, आम्ही येतोच.” मी रिक्षाने पुढे होत असे.

तुम्ही गेल्यावर मी मुंबईला जाऊन मुलांच्या सीटबद्दलचं प्रशिक्षण घेतलं आणि नव्या पनवेलमध्ये एका हॉलवर रविवारचे वर्ग सुरू केले. लोकांना वाटलं, रिटायर्ड बाईंना वेळ जात नाही. खरं कारण मी एकाच व्यक्तीला सांगितलं. नलिनीला.

नलिनी आणि मी एकाच शाळेत शिकवायचो. मी इंग्रजी, ती मराठी. स्नेहसंमेलनाची नाटकंही तीच बसवायची. मी शिक्षकांची तुकडी जमवली ती विचार करून. ज्याला माहिती असते त्याला शिकवता येतंच असं नाही, हे मी शाळेत जन्मभर पाहिलं होतं. म्हणून हाताने काम करणारा एक माणूस घेतला — सुकापूरचे घरतदादा, ड्रायव्हिंग स्कूल चालवणारे. एक नर्सबाई घेतल्या, कारण आया त्यांचं ऐकतात. आणि नलिनी घेतली, तिच्या आवाजासाठी.

नियमही मीच केले. सगळ्यात मोठा नियम हा, की आपण बसवलेली सीट आपण तपासायची नाही. दुसऱ्याने तपासायची, आणि नीट असली तर गाडीच्या टपावर बोटांनी दोनदा टकटक करून मोठ्याने म्हणायचं, “बघितली!” टकटक झाल्याशिवाय मूल सीटमध्ये ठेवायचं नाही. मूल आणि चूक यांच्यामध्ये कायम दोन माणसं असावीत, एवढाच त्यामागचा विचार. पालकांना ते इतकं आवडलं की पार्किंगमध्ये बापे एकमेकांना विचारत, “टकटक झाली का?”

छान दिवस होते ते. एकदा एक बाप म्हणाला, “पण मॅडम, मांडीवर काय वाईट आहे? मी पकडतो ना.” घरतदादांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “तुजी मांडी काय गाडीला बोल्टानं बसवलीय? तूच पट्टा लावत नाय, पैला तूच काचंतून भायेर जाशील. पोरगा येल तुज्या मागून, पप्पा कुठं गेलं बघाला!” हॉल हसला. मीही हसले. त्या हसण्यात कुणाचं रक्त सांडत नव्हतं.

मग नलिनीने तिची गोष्ट सांगायला सुरुवात केली.

मी मागे उभी राहून सरावाच्या बाहुल्या मांडत होते. ती पुढे उभी राहिली, पदर खोचला, चष्मा नाकाच्या टोकावर ओढला — माझ्यासारखा. “एक इंग्रजीच्या बाई होत्या,” ती म्हणाली. आणि मग माझा आवाज. माझी मान. माझी ती सेफ जागा. कळंबोलीचा ब्रेक तिने असा मारला की पहिल्या रांगेतली माणसंही पुढे झुकली. शेवटी दोन रिकामे हात पुढे धरून डोळे विस्फारून उभी राहिली — “अगंबाई! नात कुठे गेली?” लोक डोळे पुसून पुसून हसले.

आणि मीही हसले. कळतंय तुम्हाला? तुझं टेंगूळ, माझे रिकामे हात — मी ते हसून साजरं केलं, कारण नाहीतर सगळ्यांना कळलं असतं की ती बाई मीच.

वर्ग संपल्यावर मी तिला म्हणाले, “नलिनी, ती गोष्ट पुन्हा नको सांगूस.”

“अगं सुधा, तुझं नाव कुठे घेतलं मी? आणि खरं सांगू? तुझ्या त्या तक्त्यांपेक्षा तुझी फजितीच लोकांच्या लक्षात राहते.”

हे खरं होतं. म्हणूनच मी तिला सहज सोडायचं नाही असं ठरवलं.

दर नव्या वर्गाला ती गोष्ट रंगत गेली. पुढे त्यात रिक्षाही आली. रिक्षाचं दुःख मी तिच्या स्वयंपाकघरात बसून, रडत सांगितलं होतं. दर वेळी मी मागे बाहुल्या मांडायचे आणि दर वेळी हसायचे. राग आला की माणसं आरडाओरडा करतात ना? मी बाहुल्यांचे कपडे इस्त्री करायचे. मला घाई नव्हती.

कारण नलिनीनेही मला एक गुपित दिलं होतं. तिच्या आईची स्मृती म्हातारपणी गेली होती, शेवटी ती नलिनीला ओळखतही नव्हती. आता नलिनीला स्वतःची भीती वाटू लागली होती. एकदा गॅस चालू राहिला. एकदा शेजारणीचं नाव आठवेना. “माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं, सुधा. प्राचीला सांगू नकोस हं.” प्राची तिची मुलगी, कामोठ्याला राहते, आणि प्राचीचं बाळ दिवसभर नलिनीकडे असायचं. मी कुणालाही सांगितलं नाही. तिने माझं गुपित हसत हसत वाटून टाकलं होतं. मी तिचं जपून ठेवलं — वापरण्यासाठी.

वेळ आली ती परीक्षेच्या दिवशी. वर्ग वाढले होते, आणि आमच्यातल्या एकीने नवे शिक्षक तयार करावेत, असं ठरत होतं. ते पाहायला पुण्याहून एक परीक्षक बाई आल्या होत्या. नलिनीचीच निवड होणार हे सगळ्यांना माहीत होतं. मलाही. शिकवण्यात ती माझ्यापेक्षा चांगली होती.

त्या दिवशी प्राचीचीच गाडी घेतली होती, प्राचीच्याच बाळाची सीट. नलिनीने ती आवारात स्वतः बसवली. तपासायची पाळी माझी. मी मागच्या दारातून आत गुडघे टेकून बसले, सीट धरून हलवली. तसूभरही हलली नाही. सुंदर बसवली होती. नलिनी हात धुवायला गेली.

त्या सीटला गाडीचा पट्टा ओवायला दोन वाटा असतात. बाळ मागे तोंड करून बसणार असेल तर एक, पुढे तोंड करून बसणार असेल तर दुसरी. बाहेरून पाहणाऱ्याला फरक कळत नाही. मी पट्टा सोडला, दुसऱ्या वाटेने ओवला, आणि बकल लावलं. हात थरथरले असं लिहिलं असतं तर तुम्हाला बरं वाटलं असतं. नाही थरथरले. शिकवून शिकवून ते काम हातांना पाठ झालं होतं.

मग मी बाहेर आले, साडी झटकली, आणि टपावर दोनदा टकटक केली. “बघितली!”

नलिनी तोंड पुसत येत होती. तिने मला लांबूनच अंगठा दाखवला.

सगळे गाडीभोवती जमले. प्राची बाळाला कडेवर घेऊन उभी. नलिनी तिच्या त्या भरदार आवाजात म्हणाली, “ही माझ्या नातवाची सीट आहे, माझ्या हाताने बसवलेली. या, हलवून बघा.” परीक्षक बाईंनी हलवली. सीट पुढे आली आणि एका बाजूला कलंडली.

परीक्षक बाई वाकून पाहत म्हणाल्या, “पट्टा चुकीचा ओवलाय. ही कुणी तपासली?”

इथे मी थांबू शकले असते. माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, माझी नजरचूक झाली — काहीही सांगता आलं असतं. मी म्हणाले, “मी तपासली तेव्हा ठीक होती. नलिनीताईंनी नंतर पुन्हा पट्टा काढला होता ना... नलिनी, आठवत नाही का तुला?”

शेवटचं वाक्य मी हळू, मायेने म्हटलं. घरतदादा पटकन बोलले, “वो बाय, नलिनीताय तर हात धुवाला गेल्त्या—” मी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. मी तुकडीची प्रमुख होते. ते गप्प झाले.

नलिनीने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं होतं ती चिडेल, भांडेल. त्याची मी तयारी ठेवली होती. पण तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ती आठवत होती. आपण पट्टा पुन्हा कधी काढला, ते ती मनापासून आठवायचा प्रयत्न करत होती. मग म्हणाली, “काढला असेन.” आणि दोन्ही हात पुढे धरून तशीच उभी राहिली, रिकामे. वर्गात माझी नक्कल करताना उभी राहायची ना, अगदी तशी.

मला काय वाटलं ते लिहायलाच हवं. मला गोड वाटलं.

प्राचीने बाळाला घट्ट धरलं. त्या आठवड्यापासून बाळ पाळणाघरात जाऊ लागलं. प्राची आईला काही वाईट बोलली नाही. माणसं बोलत नाहीतच. आपल्याला रिक्षाने पुढे पाठवतात. एखाद्या आजीचं नेमकं कुठे मोडतं, हे मला पनवेलमधल्या कुणाहीपेक्षा जास्त माहीत होतं. मी तिथेच वार केला.

नलिनीने वर्ग सोडला. ती गोष्ट पुन्हा कुणी सांगितली नाही. नव्या शिक्षकांना मी शिकवू लागले, आणि दर वर्गात टकटकीचं महत्त्व सांगत राहिले. त्याच तोंडाने.

परवा भाजीवाल्याकडे प्राची भेटली. म्हणाली, “मावशी, आईला डॉक्टरांकडे नेलं होतं. ते म्हणतात, काही नाहीये, वयाप्रमाणे होतं थोडं. पण ती मानतच नाही. घरभर चिठ्ठ्या लावल्यात. गॅस बंद कर. किल्ली घे. स्वतःवर विश्वासच उरला नाही तिचा.” मला वाईट वाटलं, असं लिहायला हवं. वाटलंही. पण आधी क्षणभर जे वाटलं ते समाधान होतं, अजूनही — इतक्या काळानंतर. ते ओळखलं, आणि हातातली कोथिंबीर तिथेच ठेवून घरी आले.

आज सकाळी तलावाजवळ नलिनीच्या घरी गेले. ती मेथी निवडत होती. मी बसले नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं, तुम्हाला सांगितलं तसं, काही न गाळता.

तिने हातातली मेथीची काडी ताटात ठेवली. मग म्हणाली, “म्हणजे मी बरोबर बसवली होती?”

“हो.”

“पट्टा बरोबर वाटेने?”

“हो. मी हलवून पाहिली होती. तसूभरही हलली नाही.”

“आणि मी पुन्हा हात लावला नाही.”

“नाही. तू हात धुवायला गेली होतीस.”

“हात धुवायला,” ती म्हणाली. “साबण नव्हता. मी तुला हाक मारून म्हटलं होतं, साबण संपलाय. आठवतंय मला.” मग ती उठली, दार उघडून धरलं, आणि मी बाहेर पडेपर्यंत माझ्याकडे पाहिलं नाही.

मी जिन्यात थांबले. का थांबले, तेही सांगते. ती त्या नकलेबद्दल, तुझ्या टेंगळाबद्दल काही बोलेल, म्हणून. हे सगळं करून, सगळं सांगूनही, मी माझं येणं वसूल व्हायची वाट पाहत उभी होते.

दार लागलं. आतून भिंतीवरच्या चिठ्ठ्या ओढून काढल्याचा आवाज येऊ लागला. एक, मग दुसरी. मग भराभर.

— आजी