कानबाईचा लिलाव

सदाशिव पेडणेकर नोकरीसाठी मालवण सोडून सिल्वासात आले, त्याला आता बराच काळ लोटला होता. मधल्या काळात केस गेले, गुडघे कुरकुरू लागले, गुजराती बोलता यायला लागलं. पण आवाज मात्र बंदरावरचाच राहिला. मासळीचे लिलाव ऐकत वाढलेला माणूस तो. नुसतं "चहा सांगा रे" म्हणाले तरी आमलीच्या नाक्यावरची कुत्री कान टवकारत.

नाक्यावरच्या वॉर्ड कचेरीत त्यांच्याकडे बेवारस मालाची खोली होती. रिक्षात राहिलेलं, बाजारात विसरलेलं, रस्त्यात सापडलेलं जे कुणी आणून देईल ते या खोलीत यायचं. हेल्मेटं, जेवणाचे डबे, छत्र्या, एकेकटे बूट, कुठल्याशा वरातीतून सुटलेला ताशा. एका डबीत दातांची कवळीसुद्धा होती. तिचा मालक का येत नाही असं कुणी विचारलं की सदाशिवराव म्हणत, "येऊन बोलतलो कसो बापडो?"

नियम साधे होते. दागदागिना कपाटात, टिकाऊ वस्तू फळीवर, बाहेरच्या फळ्यावर सूचना, आणि मुदतीत मालक आला नाही तर लिलाव. नाशवंत माल मात्र ठेवायचाच नाही. तो आला त्याच दिवशी, कचेरी सुटताना फाटकापाशी उभं राहून विकून टाकायचा. एका दिवाळीच्या सुट्टीत कुणाची तरी कोलंबीची पिशवी आत राहिली होती; त्यानंतर अख्ख्या कचेरीनं कितीतरी दिवस झाडाखाली बसून काम केलं, तेव्हापासून हा नियम मोडायची कुणाची छाती नव्हती.

आणि हा संध्याकाळचा लिलाव म्हणजे सदाशिवरावांचा खरा थाट. कोमेजलेली मेथीची जुडी हातात घेऊन ते असं काही वर्णन करत की नुसते बघायला थांबलेले लोकही पिशवी उघडत. शेवटी एकच ललकारी: "नेला तो नेला! कचेरी परत घेणार नाही!"

श्रावणातल्या त्या शुक्रवारी एका रिक्षावाल्यानं कापडी पिशवी आणून दिली. सामरवरणीची कुणी बाई गाडीत विसरली होती म्हणाला. सदाशिवरावांनी पिशवी टेबलावर पालथी केली. एक नथ निघाली, एक हिरवा खण निघाला, आणि एक नारळ. आत नाव-पत्ता काही नाही. त्यांना वस्तू एकमेकींत मिसळलेल्या बघवत नसत. घरीसुद्धा बायको वासंती शाळेतून येईपर्यंत ते चमचे, पळ्या, झारे वेगवेगळे लावून ठेवत आणि तिला एकही जागेवर सापडत नसे. त्यांनी नथ कपाटात ठेवली. खण फळीवर ठेवला. नारळ कानाशी नेऊन हलवला.

"खोबरं सुटलंय," ते स्वतःशीच म्हणाले. कोकणातल्या माणसाला नारळाचं काय सांगायचं! सुकं खोबरं, मसाल्याला उत्तम. म्हणजे खाण्याची वस्तू, म्हणजे नाशवंत.

संध्याकाळी समोरच्या भजीवाल्या कावेरीनं तो घेतला.

"काका, आतून कुजका निघाला तर?"

"कुजको? अगो, पेडणेकरान कानाक लावलेलो नारळ तो! नेला तो नेला!"

दुसऱ्या दिवशी खोली उघडतात न उघडतात तोच दोघी दारात. एक तरणी, डोळे रडून सुजलेले. दुसरी म्हातारी, नऊवारीचा पदर खोचून लढाईला आल्यासारखी.

"काका, आमची पिशवी आलीय का हो? कापडाची," तरणी म्हणाली. तिचं नाव ममता. नवरा समाधान दोऱ्याच्या कारखान्यात. म्हातारी तिची सासू, पुतळाबाई. कालच अमळनेराकडच्या गावाहून कायमची लेकाकडे राहायला आली होती.

सदाशिवरावांनी ऐटीत कपाट उघडलं. नथ पुढं ठेवली. ममतानं मोती कुठला, तार कुठं वाकलीय ते सांगितलं. खण पुढं ठेवला. तिनं तो ओळखला. सह्या झाल्या. हरवलेलं माणसाच्या हातात परत देताना सदाशिवरावांना आपण स्वतःच काहीतरी देतोय असं वाटायचं. तसंच आताही वाटलं.

"आनि आमनी कानबाई?" पुतळाबाईनं विचारलं.

"कोण बाई?"

"आमनी देवी, भाऊ. नारय."

ममतानं सांगितलं. खानदेशात श्रावणातल्या रविवारी कानबाई बसवतात. नारळालाच नथ घालायची, खण नेसवायचा, ती देवी. दुसऱ्यांचं काय असेल ते असो, पण यांच्या घरात नारळ दर वर्षी नवा नाही आणत, तोच जुना. पुतळाबाईच्या सासूच्या सासूपासूनचा. गावाकडचं घर मिटलं म्हणून पुतळाबाईनं तो आणला होता, बस स्टँडवर उतरल्यावर सुनेच्या हातात दिला होता आणि म्हणाली होती, आजपासून ही तुझी. आणि सून रिक्षातून उतरताना पोराला कडेवर घेऊन, पिठाचा डबा उचलून, पिशवी तिथंच ठेवून घरी आली. उद्या रविवार.

सदाशिवरावांनी कालची नोंदवही उघडली आणि पुन्हा मिटली.

"तो... तो नारळ नाशवंतात गेला."

"म्हंजे कोठे गया?"

"विकला, आजी. काल संध्याकाळी."

पुतळाबाई मटकन खाली बसली. "इकी टाकं? आमनी माय इकी टाकी?"

 ममतानं नथ उचलली आणि मुठीत घट्ट धरली. या खोलीतून आजवर कुणी रित्या हातानं गेलं नव्हतं. आणि आज देवी आली, तर त्यांनी तिचे तीन तुकडे करून तीन जागी लावले, वर स्वतःच्या कानावर खूश झाले.

ते रस्ता ओलांडून धावले. मागून दोघी.

"कावेरी! नारळ फोडलंस काय गो?"

कढईतली भजी परतत कावेरी म्हणाली, "नाय काका. सकाळी वाळूला दिला. दुधनीचा वाळू. नवा टेम्पो घेतलाय, आईला दाखवायला गावी निघालेला. दुकानं उघडली नव्हती, म्हणाला चाकापुढं फोडायला नारळ दे."

"चाकापुढं!" ममतानं तोंडावर हात घेतला.

वाळूचा फोन लागेना. दुधनीकडे डोंगरात रेंज येते-जाते. सदाशिवरावांनी खोलीला कुलूप घातलं, साहेबांना "अर्ध्या दिवसाची रजा" असं दारातूनच ओरडून सांगितलं आणि रिक्षा थांबवली.

रस्ता लांबचा. खानवेल आलं, तरी दुधनी पुढंच. मग सदाशिवरावांना राहवेना. त्यांनी हात जोडले, डोळे मिटले आणि गावाकडे देवळात घालतात तसं गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा! आज ही जी माय नि तिची सून तुझ्या दारात इली हत, तेंचो नारळ अखंड गावांदे रे म्हाराजा!"

"काय करी ऱ्हायना हाऊ?" पुतळाबाईनं सुनेला विचारलं.

"देवाला सांगताहेत, आई."

"देवाले का सांगस? देवी ती हरपनी!" पण मग म्हातारी जरा सरसावली. "भाऊ, मंग आमले काय म्हननं पडस?"

"प्रत्येक मागण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, आजी."

"त्या वाळ्याच्या हाताक कळ येवांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" पुतळाबाई म्हणाली.

"त्याचो मुहूर्त टळांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता रिक्षावालाही. ममताला रडता रडता हसू फुटलं.

दुधनीला पोचले तर वाळूच्या अंगणात अर्धा पाडा जमलेला. झेंडूच्या माळा घातलेला निळा टेम्पो, मागं धरणाचं पाणी. आणि काचेच्या आत, स्टेअरिंगच्या वर, फुलांच्या मध्ये नारळ. अखंड.

ममतानं धावत जाऊन टेम्पोचं दार धरलं.

वाळू पुढं आला. अंगात कोरा शर्ट, घडीच्या रेघा तशाच. "काय झाला, सायेब?"

सदाशिवरावांनी सगळं सांगितलं. वाळूनं ऐकून घेतलं, मान हलवली.

"फोडणारच होतो. हात वर पण केलेला. तर आई ओरडली, बघ, त्याच्यावर हळद किती बसलीय, पुजेलला नारळ हाय तो, पाप लागंल. मंग मी त्याला गाडीत बसवला. आता तो माझ्या गाडीचा देव हाय."

"अरे, पण तो ह्यांचा आहे."

"तुम्ही इकला. कावेरीनी घेतला, माना दिला. तुम्हीच ओरडता ना सायेब रोज फाटकावर? नेला तो नेला, कचेरी परत घेणार नाय? मी ऐकलाय दहा वेळा."

अंगणात हशा पिकला.  आयुष्यात पहिल्यांदा सदाशिवरावांना आपला आवाज दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला मिळाला होता आणि तो मुळीच आवडला नव्हता.

"तुला दुसरा नारळ देतो. दहा देतो. मालवणहून मागवून देतो."

"माना दहा काय करायचे? सकाळपासून हाच हाय, चढावावर गाडी कशी फुलासारखी आली!"

पुतळाबाई कंबरेवर हात ठेवून पुढं सरकत होती; आता ती काहीतरी सुनावणार हे दिसत होतं. पण ममतानं तिला हातानं मागं सारलं. "आई, तुम्ही थांबा. माझ्या हातून गेली, मीच बोलते."

ती वाळूच्या आईपुढं गेली. "मावशी, मी नारळ मागत नाही. तिला तेवढी नथ घालू द्या. उपाशी-तापाशी, उघडी बसलीय बिचारी."

वाळूची आई टेम्पोच्या दारातून बाजूला झाली. ममता आत चढली. खणाची घडी मोडून तिनं तो नारळाभोवती गुंडाळला, निऱ्या काढल्या, पदर घेतला. मग नथ बसवली. बोटांना सवय नव्हती. खालून पुतळाबाई न राहवून "डावीकडे, व माय, डावीकडे" करत होती. कपाळावर ममतानं स्वतःच्या डबीतलं कुंकू लावलं आणि बाजूला झाली.

काचेतून एक बाई सगळ्यांकडे बघत होती.

 बाया पुढं आल्या, पदर डोक्यावर गेले. वाळूच्या आईनं हात जोडले, आणि लेकाच्या पाठीत एक धपाटा घातला.

"आरं, ही तं कोणाच्या घरची बाय हाय! चुकली म्हणून आली. दुसऱ्याची बाय घरात ठेवून घेशील व्हय? जा, घरी पोचव तिला!"

वाळूनं पाठ चोळली. एकदा देवीकडे बघितलं, एकदा टेम्पोकडे. "पोचवतो ना," तो म्हणाला. "पण माझ्याच गाडीतून. रिक्षातून नाय. रिक्षानीच हरवलेली ती."

"ओ भाई!" रिक्षावाला रागावला. "रिक्षावालेनेच जमा किया था!"

परत येताना पुतळाबाई आणि ममता पुढं बसल्या, देवीच्या समोर. सदाशिवराव मागं हौद्यात, झेंडूत, ताडपत्रीवर, आणि त्यांच्याभोवती पाड्यातली निम्मी पोरं, कारण सामरवरणीला काहीतरी आहे एवढंच त्यांना कळलं होतं. रिक्षा मागून हॉर्न वाजवत. आमलीच्या नाक्यावर कावेरीनं कढईखालचा गॅस बंद केला, गरम भज्यांचा पुडा घेतला आणि चालत्या टेम्पोत चढली. "माझ्याकडं पण रातभर राहिलीय ती," म्हणाली. "मसाल्याच्या डब्याशेजारी."

"भजी नको आणूस पण देवीसमोर, कांद्याची आहेत," सदाशिवराव म्हणाले.

"मग तुम्ही खा. तुम्ही कुठं देव हाय?"

सामरवरणीच्या चाळीत समाधान दारात उभा होता. त्यानं आधी आईचा चेहरा बघितला, मग बायकोचा, आणि मग काही न विचारता खाली वाकून तिच्या हातातली देवी नव्हे, तिच्या पायातला चिखल बघितला आणि पाण्याची बादली आणायला पळाला. चाळीतल्या खानदेशी बाया ओवाळायला धावल्या. कुणी गाणं धरलं, कुणी ममताला फुगडीला ओढलं. नाही नाही म्हणत ती फिरली ती अशी फिरली की समोरची दमून सुटली. पुतळाबाई देवीला पाटावर टेकवून सुनेकडे बघत राहिली. "चांगली नेसाडी तूनं," एवढंच म्हणाली. ममताला तेवढं पुरलं.

सदाशिवराव चपला शोधू लागले. काम झालं होतं. वस्तू मालकाला पोचली.

"कोठे निंघना, भाऊ? बठ."

पुतळाबाईनं गव्हाची पाटी पुढं ओढली. शेजारी रिकामी टोपली. उद्याच्या रोटांचे गहू मोजायचे होते. या घरची रीत अशी, की दर पुरुषामागं सव्वा मूठ गहू घ्यायचे, त्याच्याच पोळ्या, म्हणजे रोट, करायचे. ते घरच्यांनीच खायचे, बाहेरच्याला घास द्यायचा नाही. तिनं समाधानच्या नावानं मूठ भरली, वर चिमटीत थोडे घेतले, टोपलीत टाकले. नातवाच्या नावानं टाकले. चाळीतली एक बाई म्हणाली, "व्हई गयं, मावशी."

"कशानं व्हई गयं?" पुतळाबाईनं पुन्हा मूठ भरली. "हाऊ सदाशिवना." टोपलीत गहू सळसळले. "आनि हाऊ वाळूना."

सदाशिवराव चपला तशाच सोडून खाली बसले. वाळूनं ममताला हळूच विचारलं, "वहिनी, म्हणजे काय झाला?"

"म्हणजे तुम्ही घरातले झालात, भाऊ. आता उद्या दोघांनी यायचं आणि रोट संपल्याशिवाय उठायचं नाही. आणि ते जाड असतात बरं!"

"बाहेरच्यांना नाही ना चालत?" कावेरी दारातून म्हणाली. "मग मी?"

"तू पोरगी. पोरीसना गहू नई मोजतस, त्या रांधाले येतस," पुतळाबाई म्हणाली. "सकाळमा लवकर ये."

टोपली भरली. गिरणीवाल्यानं यांच्यासाठी जातं धुऊन ठेवलं होतं, तो खोळंबला होता. समाधान उचलायला वाकला, तर सदाशिवरावांनी त्याला अडवलं आणि विजारीचे पाय वर दुमडले.

"सरा," ते म्हणाले, "तिघांत मोठो मी."

"मोठा हायस म्हणून तर गुडघे दुखतात तुझे," वाळूनं टोपलीची दुसरी कड पकडली. सायेब कधी गळून पडलं त्याचं त्यालाही कळलं नाही. "सोड, दादा, मी घेतो."

"सोडतंय काय! तू काय तो टेम्पो चालव."

अशी दोघांच्या मध्ये हिंदकळत टोपली चाळीच्या बोळातून गिरणीकडे निघाली, आणि मागून पुतळाबाई ओरडत राहिली, की मेल्यांनो, भांडा, पण माझा एक दाणा सांडू देऊ नका.