अकरा सेकंदांची रणरागिणी

माझी बायको लिफ्टच्या देखभालीची इंजिनियर आहे. हेल्मेट घालून लिफ्टच्या उभ्या बोगद्यात, म्हणजे शाफ्टमध्ये उतरते. घरी पोळ्या मी करतो, कारण मी साडेपाचला घरी येतो आणि ती आठला. यात क्रांती वगैरे काही नाही, अडीच तासांचा फरक आहे.

महिला दिनाच्या 'आजची रणरागिणी' मालिकेत एका वाहिनीला तिच्यावर व्हिडिओ करायचा होता. एरवी ती नाहीच म्हणाली असती. पण वाघोलीच्या ज्या प्रशिक्षण संस्थेत ती अधूनमधून शिकवायला जाते, तिथे लिफ्टच्या वर्गाला एकही मुलगी येत नव्हती.

"शाफ्टमध्ये बाई तिथल्या मुलींनी पाहिलेलीच नाही. एकदा दिसू दे," ती म्हणाली.

खराडीच्या एका इमारतीत रविवारी सकाळभर चित्रीकरण झालं. ग्रीसने माखलेली बायको आणि तिच्यामागे सगळी मंडळी दुपारी घरी आली.

"मॅडम, आता साडीत, पोळ्या लाटतानाचा एक शॉट," दिग्दर्शिका म्हणाली. पोरगी जेमतेम पंचविशीची. "करिअर प्लस घर. बॅलन्स दिसला पाहिजे."

"मला लाटता येत नाहीत. पोळ्या हे करतात."

"सर? रोज? अरे, कॅमेरा इकडे घे!"

व्हिडिओ आला. लांबी सव्वातीन मिनिटं. त्यात बायको अकरा सेकंद, बाकी मी. मथळा: 'तिच्या यशामागचा पुरुष'. बायकोने तिथल्या तिथे दिग्दर्शिकेला फोन लावला.

"अहो, शाफ्टमधलं कुठे गेलं?"

"मॅडम, हेल्मेटमध्ये तुमचा फेसच दिसत नव्हता. सरांची पोळी फुगते ना, तो शॉट फार इमोशनल आलाय."

सोसायटीच्या अध्यक्षांनी महिला दिनाला माझाच सत्कार ठरवला. "वहिनी, नशीब काढलंत हो!" ते म्हणाले.

"हो ना. नाहीतर उपाशीच राहिले असते," बायको म्हणाली. सत्काराला मी गेलो नाही.

पुढच्या आठवड्यात रजा टाकून ती थेट वाघोलीला गेली. दारातच इतर वर्गांच्या मुलींनी ओळखलं. "तुम्ही त्या पोळीवाल्या सरांच्या मिसेस ना?"

"तीच," ती म्हणाली आणि संस्थेची लिफ्ट बंद करून एकेकीला शाफ्ट दाखवायला घेऊन गेली.

संध्याकाळी आल्यावर म्हणाली, "तिघींनी नावं दिली."

"म्हणजे व्हिडिओचा उपयोग झाला म्हणायचा."

"चौथीला झाला. असा नवरा कुठे मिळतो, विचारत होती."

"मग?"

"म्हटलं, आधी नोकरी शोध. ती लवकर मिळते."