उकिडव्या दुकानातली वेलिका

वेलिका बहिरी आहे हे आमच्या गोर्ना क्रुशा गावाला त्या उन्हाळ्यात कळलं. म्हणजे माहीत सगळ्यांना होतं, पण त्याचं कुणाला काही पडलेलं नव्हतं. तिचं दुकान माझ्या घराच्या खाली तळघरात आहे, आणि मी तिच्या डोक्यावर, तळमजल्यावर राहते. सगळा जन्म मी शाळेच्या खाणावळीत पातेली ढवळली, त्यामुळे कोण किती पाण्यात आहे ते मला लांबूनच कळतं. त्या उन्हाळ्यात गावाला एकदम वेलिकाचा जो पुळका आला, तो आठवला की आजही माझं डोकं तापतं.

तिच्या दुकानात कुणी आत जात नाही. तळघराची खिडकी फुटपाथला टेकलेली आहे. गिऱ्हाइकाने तिच्यासमोर उकिडवं बसायचं, तोंड खिडकीपाशी न्यायचं आणि काय हवं ते सांगायचं. कारखाने बंद पडले तेव्हा ज्याला त्याला दुकान काढायचं होतं आणि जागा कुणाकडेच नव्हती. तेव्हापासूनची ही दुकानं, आणि त्यांना आम्ही उकिडवी दुकानंच म्हणतो. गुडघे दुखणारे लोक शिव्या घालत बसतात आणि शिव्या घालत उठतात.

वेलिकाला मात्र ती खिडकी म्हणजे वरदान होतं. लहानपणी तापात तिचे कान गेले आणि ती ओठ वाचायला शिकली. बाहेर लोक पाठ फिरवून बोलतात, तोंडात सिगारेट धरून बोलतात, जेवता जेवता बोलतात. खिडकीत तसं चालत नसे. नगराध्यक्ष असो की दारुडा, प्रत्येकाला आपलं तोंड तिच्या समोर, उजेडात आणून ठेवावंच लागे. एकदा शाळेचे हेडमास्तर मागच्या माणसाला हळूच म्हणाले, "या बहिरीचं दही आंबट असतं." वेलिकाने दह्याचं भांडं परत आत घेतलं आणि तिच्या त्या सपाट, मोठ्या आवाजात म्हणाली, "आंबट आहे तर रोज कशाला नेता?" सगळ्या गल्लीने ऐकलं. हेडमास्तर पुढे कितीतरी दिवस बायकोला पाठवत होते.

खिडकीच्या मागे एक दार, दारामागे त्यांची खोली, आणि त्या खोलीत तिचा नवरा दिमचो. शिशाच्या खाणीत उमेदीची वर्षं घालवलेला माणूस. छातीत काही उरलं नव्हतं. दिवसरात्र नाकात नळी आणि उशाशी घरघरणारं ऑक्सिजनचं यंत्र. जीभ तेवढी धडधाकट होती. "मला खाणीतून जिवंत वर काढलं," तो म्हणायचा, "आणि बायकोने परत जमिनीखाली आणून ठेवलं. नेवेना, तू वरून जोरात पाय आपटू नकोस, छत बसेल." मी मुद्दाम आपटायचे.

मग ती साथ आली. दुकानात तोंड झाकायचं असा हुकूम आला, मग तो बदलला, मग पुन्हा आला. राजधानीत बसलेल्यांना एक दिवस धड काही सांगता येईना. वेलिकाने कुणाच्या हुकुमाची वाट बघितली नाही. डॉक्टर पांचेवांनी तिला एवढंच सांगितलं होतं की हा आजार दिमचोपर्यंत पोचला तर मी काही करू शकणार नाही. तिने मधलं दार बंद केलं, फटीत चिंध्या कोंबल्या आणि खिडकीवर पाटी लावली: तोंड झाका, बोटाने दाखवा.

यात तिचं काय जात होतं ते समजून घ्या. झाकलेलं तोंड म्हणजे तिच्यासाठी मुकं तोंड. खिडकीला प्लास्टिकचा पत्रा लावून बघितला, पण उजेडात तो असा चमके की तिला त्यात आपलाच चेहरा दिसे. शेवटी तिने सगळ्या गल्लीला खुणा शिकवल्या. पाव म्हणजे दोन तळवे, दूध म्हणजे धार काढायची, रकिया, आमची फळांची दारू, म्हणजे अंगठा ओठांकडे. हो-नाही मानेनं. लोक हसले, पण शिकले. म्हातारा स्टोइल फुटपाथवर बसून हवेतच गाय पिळायचा आणि वर म्हणायचा, "आज गाय जरा अडवतेय." ते दिवस चांगले गेले, खोटं कशाला बोलू.

त्यात मिठाचा खडा टाकला प्लामेनने. हा आमच्या गल्लीतला, जर्मनीत ट्रक चालवायचा, काम सुटलं म्हणून परत आलेला. तिकडे राहून त्याची मान बिघडली होती. आमच्याकडे हो म्हणताना मान आडवी हलते आणि नाही म्हणताना खाली-वर. हे दुधाच्या दातांच्या पोरालाही कळतं. प्लामेन मास्क लावून खिडकीत बसला, सिगारेटकडे बोट दाखवलं. वेलिकाने पाकीट उचललं, हेच ना म्हणून विचारलं. त्याने जर्मन लोकांसारखी मान खाली-वर केली. तिने पाकीट ठेवून दिलं आणि दुसरं उचललं. पुन्हा खाली-वर. तिने तेही ठेवलं. मागे रांग हसायला लागली. स्टोइल म्हणाला, "अरे, याला सिगारेट नकोय, नुसता मावशीला भेटायला आलाय." प्लामेन तापला, मास्क खाली ओढला आणि ओरडला, "तेच हवंय मला, तेच." वेलिकाने त्याचे ओठ वाचले आणि पाकीट दिलं.

चूक मानेची होती. पण आपली मान चुकली असं कोण म्हणतो? त्या संध्याकाळी प्लामेनने फोनवर स्वतःचा व्हिडिओ काढला. आमच्या गावात एक बहिरी मावशी आहे, तिची भाषा या फडक्याने हिसकावून घेतली, मी मास्क काढला तेव्हा कुठे तिला माणसाचं बोलणं कळलं, वगैरे. डोळ्यात पाणीसुद्धा आणलं मेल्याने. देशभर तो व्हिडिओ फिरला. ज्यांना मास्क नको होता त्यांना आयती वेलिका मिळाली. सोफियाहून, वार्नाहून लोक लिहायला लागले: वेलिकासाठी तोंड उघडा.

मी तिला व्हिडिओ दाखवला. तिने तो नीट वाचला, कारण प्लामेनचं तोंड त्यात चांगलं मोठं दिसत होतं. "हा माझ्याबद्दल बोलतोय?" तिने विचारलं. "मला विचारलं का याने?"

मी मान खाली-वर केली.

मग नगरपालिकेने वाचनालयाच्या हॉलमध्ये सभा बोलावली. विषय काय, तर हुकूम 'दुकानाच्या आत' असा आहे, आणि उकिडव्या दुकानाचं गिऱ्हाईक तर फुटपाथवर असतं. तेव्हा खिडकीला दुकान म्हणायचं की नाही? शिकल्या-सवरल्या माणसांनी यावर तावातावाने भाषणं केली. खिडक्या उघड्या, खुर्च्या लांब लांब, वेलिका पहिल्या रांगेत. डॉक्टर पांचेवा बोलल्या, मास्क लावून. दिमचोसारख्या माणसांबद्दल बोलल्या, चांगलं बोलल्या, पण वेलिकाला त्यातला एक शब्द कळला नाही. नंतर प्लामेन उठला, उघड्या तोंडाने, स्पष्ट, सावकाश, तिच्याकडे बघत. त्याचा शब्द न् शब्द तिला कळला. आमची वेलिका मावशी एकटी पडली आहे. आमची वेलिका मावशी माणसाच्या चेहऱ्याला आसुसली आहे. जी बाई तिच्या बाजूने बोलत होती ती तिच्यासाठी मुकी, आणि जो तिच्या मुळावर उठला होता त्याचंच तेवढं तिला ऐकावं लागत होतं. मला तिथेच उठून त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. वाजवली असती तर बरं झालं असतं.

वेलिका उभी राहिली. तिच्या आवाजाला चढ-उतार नाही, त्यामुळे ती रागावलीय हे अनोळखी माणसाला कळत नाही.

"मला तुमची तोंडं बघायला आवडतात," ती म्हणाली. "आयुष्यभर बघितलीत. आता नकोत. माझा नवरा दाराच्या मागे आहे आणि त्याला श्वास पुरत नाही. तोंड झाका आणि बोटाने दाखवा. पाव दाखवता येतो, सिगारेट दाखवता येते. याच्यापलीकडे तुम्ही माझ्याशी कधी काय बोललात?"

मग प्लामेन हात पसरून म्हणाला, "बघा, काय भेदरवून ठेवलंय बाईला." आणि टाळ्या पडल्या. डॉक्टरांच्या बाजूचेही टाळ्या वाजवत होते आणि प्लामेनच्या बाजूचेही, प्रत्येकाला वाटलं ती आपल्याच बाजूने बोलली. नगरपालिकेने ठराव केला की खिडकी दुकानात मोडते का ते जिल्ह्याला विचारावं. जिल्ह्याचं उत्तर अजून यायचंय.

आणि दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं ते प्रेम. ज्या बायांनी वर्षानुवर्षं तिच्यापुढे नुसते पैसे ठेवले, त्या आता उघड्या तोंडाने खिडकीत वाकून लहान मुलाशी बोलावं तसं ओठ ताणून बोलायला लागल्या. "कशी आहेस, वेलिका? बघ, तुझ्यासाठी मास्क काढला." कुणी चीज घालून भाजलेली बनित्सा करून आणली, गरमगरम, फुंकर घालून. शेजारच्या गावांतून मोटारी आल्या, लोक खिडकीत तिच्या तोंडाला तोंड लावून फोटो काढून गेले. ती ओरडायची, "मागे व्हा, झाका." तर म्हणायचे, बिचारी. मग म्हणायला लागले, माजलीय. लोकांनी एवढं केलं आणि बाईला त्याची किंमत नाही.

"खिडकी बंद कर," मी तिला म्हटलं. "थोडे दिवस. माझ्याकडे जेवा दोघं."

"आणि यंत्राचं वीजबिल?" ती म्हणाली. "तेही तुझ्याकडेच जेवेल?"

दिमचोला वर माझ्याकडे आणावं म्हटलं, तर तो जिना चढूच शकत नव्हता. दारापलीकडून तो मला म्हणाला, "नेवेना, माझी बायको एकदम प्रसिद्ध झाली. आता मला सोडून जाईल." पण हसताना त्याला मध्येच थांबावं लागलं.

शरद संपता संपता वेलिकाला ताप आला. दोन-चार दिवसांत उतरला, सर्दी म्हणून सोडून दिलं असतं इतका साधा. दिमचोला तो उतरला नाही. जिल्ह्याच्या इस्पितळातून गाडी आली, अंगभर पांढरे कपडे घातलेल्या दोघांनी त्याला तळघरातून वर काढलं, आणि वेलिकाला बरोबर येऊ दिलं नाही. कुणाच्या तोंडातून तो आजार खिडकीत शिरला, हे मला सांगता येणार नाही. शंभर तोंडं होती. त्यातल्या एकालाही त्यासाठी रात्री झोप लागली नाही असं मी ऐकलं नाही.

इस्पितळाने फोन नंबर माझा घेतला होता, कारण बहिऱ्या माणसाला फोन करून काय उपयोग. ती सकाळी अंगणात चादरी वाळत घालत होती. मला फोन आला. मी खाली गेले आणि अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, भिंतीला पाठ लावून उभी राहिले. एवढ्या लांबून, म्हटलं, चालेल. मी मास्क काढला. तिने माझं उघडं तोंड बघितलं आणि हातातली चादर खाली ठेवली. मी अजून काही बोललेच नव्हते. तरी मी बोलले, नीट, उजेडात, कारण असली गोष्ट तिला कुणाच्या मानेवरून कळावी असं मला वाटलं नाही.

गावाच्या रिवाजाप्रमाणे दिमचोचा फोटो छापलेले कागद विजेच्या खांबांवर लागले, एक खिडकीच्या बाजूलाही. पुरताना माणसं मोजकीच होती. वेलिकाने आठवड्याने खिडकी उघडली. मी बाहेर स्टूल टाकून बसायला लागले आणि लोकांना खुणा करायला लावायला लागले. तोंड झाका असं मात्र आता कुणाला सांगावं लागत नव्हतं, इतकी माणसं तोवर खांबांवर गेली होती.

मग एक दिवस प्लामेन आला. मास्क लावून आला, हे सांगायला हवं. उकिडवा बसला, माझ्याकडे बघितलं आणि मयताच्या घरी टोपी काढावी तसा त्याने मास्क काढला. सांत्वन तिला कळावं म्हणून, दुसरं काय. तोंड खिडकीत नेऊन म्हणाला, "देव त्याला क्षमा करो, मावशी."

वेलिकाने डोळे मिटून घेतले.

त्याला आधी कळलं नाही. त्याला वाटलं, रडतेय. तो थांबला, पुन्हा म्हणाला. माझा हेतू वाईट नव्हता, असंही म्हणाला. तुमच्यासाठीच केलं होतं, म्हणाला. ती तशीच उभी होती, हात काउंटरवर, डोळे घट्ट मिटलेले, आणि त्याच्यापुढे बोलायला आता कुणीच नव्हतं. तेव्हा तो आवाज चढवून बोलायला लागला. रांगेतली माणसं खाली बघायला लागली.

"ओरडू नकोस, प्लामेन," मी म्हटलं. "तिला ऐकू येत नाही. सगळ्या देशाला सांगितलंस ना तू?"